सात घट गेले, मग एक आला

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत मोगरा आणायला गेले आणि घटपर्णी घेऊन आले. मोगरा राहिलाच.

शेडनेटच्या आत पाऊल टाकलं तर डोक्यावरून धुक्यासारखा बारीक फवारा सुटलेला. चष्मा पुसून वर पाहिलं, तर टांगलेल्या कुंडीतून सात घट खाली लोंबत होते. हिरव्यावर लालसर झाक, मधे कंबर आवळलेली, गुळगुळीत ओठ आणि वर तिरकं झाकण. शाळेच्या पुस्तकातलं चित्र चाळीस वर्षांनी असं समोर लटकलेलं दिसलं की माणूस भाव करायचा विसरतो. मोठं झाड साडेसहाशेला, आणि त्याच जातीचं चार पानांचं पिल्लू अडीचशेला. दोन्ही घेतली. कुंडीवर जातीचं नाव वगैरे काही नव्हतं, पण आवळलेल्या कंबरेवरून नंतर लक्षात आलं की ही व्हेंट्राटा, म्हणजे फिलिपीन्सच्या दोन जातींचा संकर. घरगुती घटपर्णींमध्ये सगळ्यांत सोशिक म्हणतात ती हीच. माझं नशीब.

निघताना नर्सरीवाला म्हणाला, "ताई, पाणी भरपूर मारा आणि कडक ऊन दाखवू नका." यातलं निम्मं बरोबर होतं. निम्मं कुठलं, ते कळायला बराच उन्हाळा जावा लागला.

गाडीत एसी लावलेला, मोठी कुंडी मांडीवर. हडपसरच्या एका गतिरोधकावर दोन घट उलटे झाले आणि आतलं पाणी माझ्या ओढणीवर. जरासं चिकट लागलं. मला वाटलं फवाऱ्याचं साठलेलं पाणी असेल. खरं तर ते झाडाने स्वतः तयार केलेलं पाचक पाणी होतं, किडे त्यातच बुडतात आणि विरघळतात. तेव्हाच घरी येऊन रिकाम्या झालेल्या घटांत पाव भाग स्वच्छ पाणी घातलं असतं तर ते कदाचित आणखी काही दिवस टिकले असते. मी ओढणी धुवायला टाकली आणि विषय संपवला.

घरी सासूबाईंनी दारातच चौकशी केली.

"ही किडे खाते?"

"हो आई."

"जिवंत?"

"हो, म्हणजे बुडवून."

"मग देवघराच्या खिडकीत नको हं."

आमच्या कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात पूर्वेची धड खिडकी एकच, आणि तिच्याशेजारीच देवघर. राहिली पश्चिमेची बाल्कनी. तिथे मोठ्या झाडाला हुकाला टांगलं. पिल्लाला जागा उरली नव्हती, म्हणून ते ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या बाजूच्या कट्ट्यावर गेलं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली. त्याच्याकडे मी नंतर दोन आठवडे नीट पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या झाडाच्या एका घटाचं झाकण कडेने तपकिरी झालं. पाचव्या दिवशी तीन घट वरून खाली वाळायला लागले, जळलेल्या उदबत्तीसारखे. पानं मात्र हिरवीगार. हेच मला समजेना. झाड मरत असेल तर पानं आधी जायला हवीत ना?

आता समजतं, पण तेव्हा घट म्हणजे या झाडाचं फूल किंवा फळ असावं असंच माझ्या डोक्यात होतं. घट हे पानाचंच टोक. पानाची मधली शीर पुढे तणाव्यासारखी वाढते आणि त्या तणाव्याचं टोक फुगून घट होतो. ज्या जमिनीत ही झाडं मूळची वाढतात तिथे नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ते किड्यांतून मिळवायचं. पण अन्न तयार करायचं ते पानाने आणि उजेडावरच, इतर झाडांसारखं. घट हा वरचा खर्च. घराचं बजेट कोसळलं की आधी हॉटेल बंद होतं, किराणा चालू राहतो, तसं ही झाडं संकटात पहिला घट सोडतात.

आणि संकट होतंच. ऑनलाइन तीनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ मागवलं आणि बाल्कनीत ठेवलं. दुपारी तीन वाजता आकडा २४. पुण्यातला फेब्रुवारी-मार्च कोरडा असतो हे ओठ फुटतात तेव्हा आपल्याला कळतंच, पण नर्सरीतल्या त्या धुक्यातून आलेल्या झाडाला एका रात्रीत २४ टक्क्यांत आणून टांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाला थेट जैसलमेरला सोडण्यासारखं. वर पश्चिमेचं ऊन आणि चौथ्या मजल्यावरचा वारा.

इथे थांबून विचार करायला हवा होता. मी काय केलं? माझे हात शिवशिवायला लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला खात्री पटली की दोष कुंडीतल्या मिश्रणात आहे. कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, घट्ट दाबून भरलेलं दिसत होतं. एक मोठी मातीची कुंडी काढली, घरातल्या कोकोपीटच्या विटेचा अर्धा तुकडा भिजवला, त्यात शास्त्राप्रमाणे म्हणून मूठभर गांडूळखत घातलं, आणि झाड बदललं. घटपर्णीची मुळं काळी, केसासारखी बारीक आणि अत्यंत नाजूक असतात. ती काळी दिसल्यावर मला वाटलं कुजली आहेत, म्हणून त्यातली थोडी कात्रीने साफही केली. हे लिहितानासुद्धा हात आखडतो.

गांडूळखत तर नकोच होतं. या झाडाची मुळं भुकेल्या जमिनीला सरावलेली, खताने ती जळतात. आणि ते कोकोपीट मी फक्त भिजवलं होतं, धुतलं नव्हतं. नारळाच्या भुशात क्षार असतात, तो चार-पाच पाण्यांतून पिळून काढल्याशिवाय घटपर्णीला द्यायचा नसतो. म्हणजे प्रवासाने दमलेल्या, कोरड्या हवेने कासावीस झालेल्या झाडाची मी मुळं कापली आणि त्याला मिठाच्या गादीवर झोपवलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सातही घट गेले. पानं मलूल, कडेने लालसर. नव्या पानाच्या तणाव्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी एक कळी होती, तिच्यावर माझी सगळी आशा. तीही काळी पडून सुकली.

पाण्याचा उलगडा वेगळ्याच वाटेने झाला. घरातल्या आरओ मशिनचा वार्षिक फिल्टर बदलायला माणूस आला. त्याने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, काढून पेल्यात बुडवला: ३६. मी म्हटलं, दादा, जरा या बादलीतलंही बघा ना. बादलीत आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. पाणी वाया घालवायचं नाही या तत्त्वाने मी ते गेली सहा वर्षं सगळ्या झाडांना घालते, आणि सोसायटीच्या बैठकीत इतरांनाही तसा उपदेश केलेला आहे. मीटरवर आकडा आला ७१०.

"मॅडम, हे कशाला घालता? यात सगळा गाळलेला क्षार असतो."

तो गेल्यावर तसलाच एक मीटर मागवला आणि घरभर फिरले. नळाला ३९०. खडकवासल्याचं पाणी एरवी इतकं जड नसतं, पण उन्हाळा जवळ आला की आमच्या टाकीत बोअर आणि टँकर मिसळतात. कोकोपीट पिळून काढलेलं पाणी मीटरच्या भाषेत सांगायचं तर समुद्राच्या बाजूला झुकलेलं. आणि ड्राय बाल्कनीत एसीची नळी ज्या बादलीत सोडली आहे तिथे १४. घटपर्णी पाळणारे लोक पन्नासच्या आत असावं असं म्हणतात. जास्वंदीला ७१० चालतं, तुळसही कुरकुरत का होईना सहन करते. ही नाही करत.

एसीच्या बादलीपाशी वाकले होते म्हणूनच पिल्लू दिसलं.

ते छान होतं. घट त्याचेही गेले होते, पण पानं ताठ, चकचकीत, आणि मधून एक नवं पान गुंडाळीतून सुटत होतं. मी त्याच्याशी काही केलेलंच नव्हतं. कुंडी तीच, मिश्रण तेच. पाणी घालायची आठवण झाली की हाताशी असलेल्या एसीच्या बादलीतून तांब्याभर. डोक्यावर रोज ओले कपडे. घड्याळ नेऊन ठेवलं तर आकडा ४८. सकाळी समोरच्या भिंतीवरून परतलेला लख्ख उजेड, थेट ऊन नाही. मी मुद्दाम ठरवून इतकी चांगली जागा शोधू शकले नसते.

मग मोठ्या झाडाची दुरुस्ती सुरू केली. पुन्हा कुंडी बदलणं म्हणजे आणखी एक धक्का, पण ते मिश्रण ठेवणं त्याहून वाईट होतं. या वेळी लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके खडे) आणलं, मॉस आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून पिळलं आणि झाड मुळांना हात न लावता, आजूबाजूचं सुटेल तेवढंच कोकोपीट सोडवून बसवलं. दाबलं नाही. मातीची कुंडी काढून प्लास्टिकची घेतली, माती पाणी शोषते आणि क्षार धरून ठेवते. वाळलेले घट पूर्ण तपकिरी झाल्यावरच कापले. अर्धा हिरवा असलेला घट पानाचं काम करतच असतो, दिसायला वाईट म्हणून त्याला छाटायची घाई करू नये.

जागेचा प्रश्न उरला. पूर्वेची खिडकी हवी होती, म्हणजे देवघर, म्हणजे आई.

आई मूळच्या साताऱ्याच्या. तिकीट आणि कुंपण यायच्या आधीचं कास त्यांनी पाहिलेलं आहे, भाद्रपदात डबे घेऊन जायच्या. मी विचारलं, "आई, कासला ती निळीजांभळी फुलं असतात ना, सीतेची आसवं?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. रामाच्या विरहात सीतेच्या डोळ्यांतून पडलेली ती फुलं, त्यांच्या आईने सांगितलेलं, वगैरे. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "तीही कीटकभक्षी आहेत. पाण्यात, चिखलात त्यांच्या बारीक पिशव्या असतात, जवळ आलेला किडा आत ओढून घेतात."

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खिडकीच्या त्या टोकाला ठेव. देवाकडे तोंड नको."

झाडाला तोंड कुठलं, पण मी वाद घातला नाही. (भारतात रानात सापडणारी घटपर्णी एकच, मेघालयातली खासियाना. खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर ती आढळते, आणि गारो लोक तिला मेमांग कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. हे मात्र मी आईंना अजून सांगितलेलं नाही. ती जात दुर्मिळ म्हणून संरक्षित आहे. कुणी रानातून उपटून आणलेली स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नये, एवढं सांगून पुढे जाते.)

खिडकीत हवा तरीही कोरडीच, ३० च्या आसपास. म्हणून लाँड्रीतून साडीवर चढवून येते ती पारदर्शक पिशवी घेतली, कुंडीत चार बांबूच्या काड्या खोचल्या आणि पिशवी वरून सोडली, पान कुठे पिशवीला टेकणार नाही अशी. आतला आकडा तासाभरात ८५. मी खूश. आठवड्याने दोन पानांवर काळे ठिपके. हवाच खेळत नव्हती. मग उदबत्तीच्या टोकाने पिशवीला डझनभर भोकं पाडली (हे देवघर शेजारी असल्याचा फायदा) आणि सकाळी अर्धा तास ती उचलून ठेवायला लागले. ठिपके वाढायचे थांबले. आणखी एक सावधगिरी: पिशवी घातलेल्या झाडावर थेट ऊन येऊ द्यायचं नाही, आत झाड अक्षरशः शिजतं. सकाळी साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन यायचं त्याला मी पातळ पडदा लावला.

फवारा मारायचा मोह रोज व्हायचा. त्याने काही फारसं साधत नाही असं घड्याळावरूनच दिसलं, फवारल्यावर दहा मिनिटांत आकडा जिथल्या तिथे. ते माझ्या मनाचं समाधान होतं, झाडाचं नव्हतं.

एप्रिल असाच गेला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडासमोर उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही. हे मला जितकं जड गेलं तितकं दुसरं काही गेलं नसेल. मी नोकरीत तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब दुरुस्त केले आहेत, चूक दिसली की लेखणी उचलायची सवय. इथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मॉस ओलं आहे का हे बोटाने पाहायचं, वरचा थर सुकायला लागला की आरओचं पाणी कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत घालायचं, बशीत साठू द्यायचं नाही. बस. घट गेल्यावर त्याच पानाला पुन्हा घट येत नाही, हे कळल्यापासून जुन्या पानांकडे पाहणंही सोडलं. नजर फक्त शेंड्यावर.

एप्रिलच्या शेवटी शेंड्यातून एक हिरवं टोक निघालं. मटाराच्या दाण्याएवढं. मी घरात कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. हसा.

तिकडे पिल्लाने ३ मे रोजी पहिला घट उघडला. एवढासा, माझ्या करंगळीएवढा. तणाव्याच्या टोकाची कळी आधी तीन आठवडे नुसतीच लांबत होती, मग चार-पाच दिवसांत फुग्यासारखी फुगली. झाकण मिटलेलंच होतं, तरी आत थोडं पाणी तयार दिसत होतं, उजेडासमोर धरलं की हलायचं. मग एका सकाळी झाकण ताणून सुटलं. त्यानंतर ओठ हळूहळू बाहेर वळत गेला आणि दोन दिवसांत त्याला लाल रंग चढला. ज्या झाडाकडे मी दुर्लक्ष केलं त्याने मला महिनोन्‌महिने आधी हे दाखवलं, आणि ज्याची मी सेवा केली ते अजून मॉसमध्ये मुळं शोधत होतं. आई म्हणाल्या, "नातवंडांचंही असंच असतं." त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

मेच्या शेवटी पिशवी काढायची सुरुवात केली. एकदम नाही. आधी तासभर, मग सकाळभर, मग एक कोपरा कापला, मग दुसरा. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस. एकदा चुकून दिवसभर उघडी राहिली तेव्हा नवं पान संध्याकाळी लोंबलेलं होतं, रात्रीतून सावरलं. जूनमध्ये पाऊस आला आणि प्रश्नच मिटला, खिडकीतला आकडा ७० च्या खाली यायला तयार नाही. गच्चीवर पातेली ठेवून पावसाचं पाणी साठवलं, पहिल्या दोन सरी सोडून देऊन. मीटरवर ९. एवढं गोड पाणी आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

याच सुमारास खोडाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपला, रोज, दहा दिवस. आणि शेजारचा आठ वर्षांचा मुलगा एका दुपारी पिल्लाच्या घटात ऑम्लेटचा तुकडा घालून गेला. तो घट आठवड्यात सडला, वासासकट. त्याला ओरडले नाही. लहानपणी मीही घातलाच असता.

मोठ्या झाडाचं नवं पान एव्हाना वीतभर झालं होतं आणि तणावा खाली वळून लोंबायला लागला होता. टोकाची कळी दाण्याएवढी, मग शेंगदाण्याएवढी, मग एके दिवशी स्पष्ट घटाच्या आकाराची. मी मोजपट्टी लावायचे. आईही आता पूजा झाली की उठताना खिडकीच्या त्या टोकाला नजर टाकायच्या, बोलायच्या नाहीत.

झाकण उघडलं आषाढी एकादशीच्या सकाळी. मी साबुदाण्याची खिचडी परतत होते, आईंनी आतून हाक मारली. घट जुन्या सातांपेक्षा लहान होता, रंगही अजून फिका. पण ओठावर मधाचे बारीक थेंब चमकत होते आणि खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग तणाव्यावर वळली होती. पुढची मुंगी ओठावर चढली, फिरली, पाय घसरला, आणि आत. तिच्यामागची दुसरी लगेच तिथेच.

आईंनी हातातली जपमाळ थांबवली.

"एकादशी," त्या म्हणाल्या, "आणि दुप्पट खाशी."